पत्ता आपला, चाव्या कुणाकडे?

(हिमायतनगर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गावाला कागदावर हिमायतनगर म्हणतात, जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात. दोन्ही नावांनी पत्र पोहोचतं, कारण पोस्टमन ओळखीचा आहे. इंटरनेटचा टपालवाला मात्र ओळखदेख ठेवत नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये 'एमएक्स' नावाची नोंद असते. तिथं ज्या सर्व्हरचं नाव असेल तिथंच तो मेल टाकतो. नोंद चुकली, की मेल गेला.

आमच्या वाचनालयात मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म भरतो, हे तुम्हाला माहीत आहेच. बऱ्याच मुलांचा स्वतःचा ईमेल नसतो, म्हणून आम्ही वाचनालयाचा पत्ता द्यायचो. डोमेन एका मित्राने स्वतःच्या खिशातून घेतलं होतं, स्वतःच्याच जुन्या ईमेलवर. तो नोकरीसाठी पुण्याला गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ईमेलवर येत राहिल्या आणि तो ईमेल कुणीच उघडत नव्हतं. डोमेन बंद पडलं. नऊ दिवस एकही मेल आला नाही. त्या नऊ दिवसांत एका मुलीच्या कॉलेजने उत्पन्नाचा दाखला पुन्हा मागितला होता. तिला शेवटच्या दिवशी फोनवर कळलं. पहाटेच्या एसटीने ती आणि तिचे अब्बा नांदेडला गेले. जागा वाचली, पण तिच्या अम्मीने मला जे सुनावलं ते इथं सांगत नाही.

मुदत संपल्यावर काही आठवडे डोमेन परत घेता येतं, उशीर झाला तर जास्त पैसे मोजून. आम्ही घेतलं. मग दुसरी अडचण आली. नव्या कमिटीने गूगल वर्कस्पेसचं नवं खातं काढलं, डोमेन जोडायला गेलो तर उत्तर आलं : हे डोमेन आधीच वापरात आहे. जुन्या कमिटीचं खातं होतं आणि एक डोमेन एका वेळी एकाच खात्यात राहतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही तसंच आहे. जुन्या खात्याचा पासवर्ड आता दुबईत असलेल्या भाईजानकडे. इशानंतर फोन लावला, रात्री अकरापर्यंत बसलो. आधी जुने मेल उतरवून घेतले, कारण खातं पुसलं की मेलही जातात. मगच डोमेन सोडवलं.

दोन खाती खरंच हवी असतील, तर उपडोमेन करा. वाचनालयाचं मूळ डोमेन एका खात्यात, फॉर्म केंद्राचं उपडोमेन दुसऱ्या खात्यात, दोघांची एमएक्स नोंद वेगळी. आणि 'एसपीएफ' नोंद, म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला, ती एका डोमेनला एकच ठेवा. एकीकडून पत्रं, दुसरीकडून वार्तापत्र जात असेल तर दोघांची नावं त्याच एका ओळीत लिहायची. दोन ओळी केल्या की तपासणी फसते आणि आपला मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांनाही १० ची मर्यादा आहे, म्हणून दिसेल ती सेवा जोडत सुटू नका.

डोमेन विकणाऱ्याकडचं खातं त्याच डोमेनच्या ईमेलवर काढू नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद. चावी घरात ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं ते होतं. त्यासाठी जीमेल ठेवलं तर ते अधूनमधून उघडा, २ वर्षं न वापरलेलं खासगी खातं गूगल पुसू शकतं.

अ‍ॅडमिन कोण असतो? बहुतेक ठिकाणी अध्यक्षसाहेब, ज्यांनी एकदाही लॉगिन केलेलं नसतं. आमच्याकडे फॉर्मचं सगळं काम दोन मुली करतात. आता त्या दोघी अ‍ॅडमिन आहेत. यावर थोडी कुरबूर झाली, होऊ द्या.

कपाटात एक रजिस्टर ठेवलंय. डोमेन कुठून घेतलं, मुदत कधी संपते, कुठल्या खात्यात जोडलंय, अ‍ॅडमिन कोण, एवढंच त्यात आहे. पासवर्ड नाहीत. तुमच्या गावचं पहिलं पान आज इथंच भरू. आपल्या डोमेनची मुदत कधी संपते, हे कुणाकुणाला माहीत आहे? हात वर करा.