किरणांचे दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले, ते मी कुणी विदुषी आहे म्हणून नव्हे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. तिच्याबरोबर मी रोज इस्पितळात जात असे. तेथे जे पाहिले व डॉक्टरांना विचारून जे समजले, ते सांगते. माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगते.

१८९५ साली रंटगेन यांना क्ष-किरण सापडले, १८९८ साली क्यूरी पतिपत्नींना रेडियम. या चिकित्सेचे मूळ त्यात आहे. आपल्या बायका तिला 'शेक' म्हणतात. पण हा शेक नव्हे. अंगाला ऊब लागत नाही, दुखतही नाही. पोटावर खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत. टेबलावर निश्चल पडायचे. यंत्र भोवती फिरते आणि काही मिनिटांत काम आटोपते.

हे किरण पेशींच्या गाभ्याला इजा करतात. निरोगी पेशी ती इजा बरीचशी भरून काढतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितके साधत नाही. म्हणून सारी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात. जावेला आठवड्यातून ५ दिवस, असे ५ आठवडे किरण दिले. जोडीला आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. पुढे ब्रॅकीथेरपी व्हायची होती. तीत गर्भाशयात बारीक नळी बसवतात. तिच्यातून किरणोत्सर्गी इरिडियमचा दाणा आत जातो आणि काही मिनिटांनी यंत्रच तो परत ओढून घेते.

तिसऱ्या आठवड्यात तिला जुलाब व थकवा सुरू झाला. एके दिवशी तिने नातवाला उचलायला हात पुढे केले, तशी मी म्हणाले, "अगं, नको घेऊस त्याला, तुझ्या अंगात किरण आहेत." तिचे ताटवाटीही मीच वेगळे ठेवले होते. ती काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "वहिनी, उद्यापासून मी येत नाही."

सकाळी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बटण बंद केले की दिव्याचा उजेड खोलीत उरतो का? तसेच हे. यांच्यापासून बाळाला काहीही अपाय नाही. पण मध्येच खंड पडला, तर उरलेल्या कर्कपेशींना वाढायला सवड मिळते. सगळा उपचार ८ आठवड्यांच्या आत संपायला हवा." थायरॉइडच्या रोगात किरणोत्सर्गी आयोडीन पोटात देतात, तेव्हा मात्र काही दिवस दूर राहावे लागते, हेही त्यांनी सांगितले.

घरी येऊन मी बाळ तिच्या मांडीवर दिले. "चुकलेच माझे," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्याबरोबर निघाली. उपचार पुरे झाले. आता ठरलेल्या मुदतीने तपासणीला जाते.

भगिनींनो, पाळी गेल्यावर रक्त दिसले, किंवा संबंधानंतर दिसले, तर लाजू नका; लगेच दाखवा. आणि शेजारणीवर ही वेळ आली, तर तिचे भांडे वेगळे करू नका. पाळीपाळीने तिच्याबरोबर इस्पितळात जा, तिच्या घरी डबा पोचवा. तिचा एकही दिवस चुकू नये, एवढे आपले मंडळ नक्की करू शकेल.