नाण्यावरचे साल

नव्या नाण्याचा घाट, धातू किंवा वजन ठरवण्याआधी टांकसाळ मोजके नग पाडून पाहते. ही नमुना नाणी. त्याच ठशांवरून पुढे संग्राहकांसाठी काढलेले नग म्हणजे पुनर्टंकित नाणी. दोन्हींवर साल एकच असते आणि नाणेसंग्राहकांची निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात. परिषदेस आलेल्या अभ्यासकांचे स्वागत अशाच एका जुन्या भांडणाने करणे स्वागत समितीला उचित वाटते. ते आहे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया टांकसाळीचे.

तांब्याचा मोठा सेंट पाडणे महाग पडू लागले, तेव्हा ८८ टक्के तांबे आणि १२ टक्के निकेलचा लहान सेंट सुचवला गेला. उडत्या गरुडाचे, १८५६ साल घातलेले काही शे नग लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी पाडले. २१ फेब्रुवारी १८५७ रोजी कायदा झाला. मोठे सेंट चलनातून जाऊ लागताच ते जमवण्याचे वेड पसरले, १८५६च्या नमुन्यालाही गिऱ्हाईक आले आणि टांकसाळीत ते साल पुन्हा पाडले जाऊ लागले. संचालक जेम्स रॉस स्नोडेन यांना टांकसाळीच्या संग्रहासाठी जॉर्ज वॉशिंग्टनची पदके हवी होती. दुर्मीळ नमुने देऊन त्यांनी ती मिळवली. मागच्या दाराने झालेली विक्री निराळीच.

कळस म्हणजे १८०४चा डॉलर. तो नमुना नव्हे, पण दुखणे तेच. त्या वर्षी डॉलर पाडले गेले ते आधीच्या सालांच्या ठशांवरून. १८०४ साल घातलेले पहिले नग निघाले थेट १८३४मध्ये, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांच्या भेटसंचांसाठी. १८५८च्या सुमारास मागल्या बाजूला दुसरा ठसा लावून ते पुन्हा काढले. त्यांतला एक नग तर बर्नच्या १८५७च्या नेमबाजी-थालरवरच उमटवलेला आहे. आज तो स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. वर १८०४, खाली १८५७!

असा उघड पुरावा क्वचितच हाती लागतो. एरवी ठशाकडे पाहावे लागते. ठसा वापराने झिजतो, तडकतो, पडून राहिला तर गंजतो, आणि त्या खुणा नाण्यावर उतरतात. वजन आणि कडही तपासावी लागते. मुंबई व कोलकाता टांकसाळींनीही कंपनीकाळातल्या नाण्यांची अशी पुनर्टंकने संग्राहकांना पुरवली. त्यांनाही हीच कसोटी लागू पडते.