इंग्रजीच्या ओसरीवरून परदेश

परदेशी भाषेच्या विद्यापीठीय अभ्यासात व्याकरण, वाङ्मय आणि त्या समाजाची रीतभात ही तिन्ही एकत्र यायला हवीत. महाराष्ट्रात मात्र त्याचा अर्थ ‘लेव्हल’ एवढाच उरला आहे. जपानी येते का, असे विचारले की ‘एन-थ्री झालंय’ हे उत्तर ठरलेले. एन-थ्री ही जपानीच्या प्रावीण्य परीक्षेतली पायरी; ती परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. एन-फाइव्ह ते एन-वन या तिच्या पाच पायऱ्या २०१० पासूनच्या. पाचांपैकी एकीतही तोंड उघडावे लागत नाही की वाक्य लिहावे लागत नाही, दिलेल्या पर्यायांतला एक निवडला की झाले. कंपन्यांना अशी चाळणी सोयीची वाटते, ते समजण्यासारखे आहे. विद्यापीठाने तिलाच अभ्यासक्रम मानणे ही शरणागती आहे.

त्याहून मोठा दोष माध्यमाचा. ‘वाताशी वा तोक्यो नि इकिमासु’ हे वाक्य ‘मी टोकियोला जातो’ याच क्रमाने चालते. क्रियापद शेवटी, आणि ‘नि’ नेमका मराठीतल्या ‘ला’सारखा नामाला लागून. मराठी विद्यार्थ्याला हे पाच मिनिटांत उमगावे. पण ते त्याला इंग्रजीतून समजावले जाते, म्हणजे आधी वाक्य उलटे करायचे आणि मग पुन्हा सुलटे.

रशियनमध्ये तू आणि तुम्ही वेगळे आहेत. पुश्किनने १८२८ साली याच दोन सर्वनामांवर एक छोटी कविता लिहिली: प्रेयसीच्या तोंडून ‘तुम्ही’च्या जागी चुकून ‘तू’ निघून जाते, आणि ऐकणारा हरखतो. इंग्रजी ‘यू’मध्ये हा सगळा खेळच बुडतो, मराठीत तो आयता उभा राहतो. तरी रशियन साहित्य मराठीत पुष्कळसे इंग्रजीमार्गेच आले. तू की तुम्ही, हे अनुवादकाने अंदाजाने ठरवले.

‘इंग्रजी आली की जग आले’ म्हणणाऱ्यांनी निदान इथलाच इतिहास चाळावा. धर्मानंद कोसंबी पालीसाठी श्रीलंकेतल्या विद्योदय विद्यालयात गेले, पुढे त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि बुद्धाविषयी मराठीत लिहिले. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनी फारसी कागद वाचले. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरे उपसली. त्यांचे पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचे मराठी पुस्तक तर पुणे विद्यापीठानेच काढले. शिवकाळ आणि पेशवाईवर आज जे ठामपणे बोलले जाते, त्यातले बरेच या परक्या भाषांतून आलेले आहे. अभिमान मिरवणाऱ्यांना त्या भाषा शिकायची सवड नसते, ही गोष्ट वेगळी.

पुण्यातून निघणारे ‘केल्याने भाषांतर’ हे त्रैमासिक परदेशी भाषांतून थेट मराठीत आणलेले साहित्य छापते. जे एका नियतकालिकाला जमते, ते विद्यापीठांतल्या परदेशी भाषांच्या विभागांना जमू नये? एम. ए.ला पन्नास पानांचा थेट मराठी अनुवाद, टिपांसह, सक्तीचा करायला वेगळा निधी लागत नाही. तो तपासायला मात्र मूळ भाषा आणि मराठी दोन्ही जाणणारा प्राध्यापक लागतो, आणि वर्षानुवर्षे पदे रिकामी ठेवून तो मिळत नाही.