दुसऱ्याच्या बाजूने
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. बोलण्याची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी धाकटी मुलगी कॉलेजातल्या ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’मध्ये भाग घेते. ही संयुक्त राष्ट्रसंघाची नमुना-सभा. खऱ्या आमसभेत 193 राष्ट्रे, आणि लहान असो की मोठे, प्रत्येकाला एकच मत. इथे मुलेच त्या राष्ट्रांचे प्रतिनिधी होतात. ‘मला वाटते’ म्हणायचे नाही, ‘माझ्या देशाचे म्हणणे असे’ म्हणायचे. मग ठरावाचा मसुदा करून मतदान.

तिच्या वाट्याला बांगलादेश आला. विषय गंगेच्या पाण्याचा. मी रागावलेच, “आपल्याच देशाविरुद्ध बोलणार होय ग?”

ती म्हणाली, “आई, फराक्काचा बंधारा 1975 साली सुरू झाला. उन्हाळ्यात पुढच्यांना किती पाणी उरते, ते त्यांच्या जागी उभे राहिल्याशिवाय कसे कळणार? म्हणून तर 1996 चा पाणीवाटपाचा करार झाला.”

मी गप्प झाले. आम्ही तळमजल्यावर राहतो. आमचा नळ सोडला की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा कोरडा. त्यावरून वर्षभर आमचे बोलणे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून पिंप भरताच मी नळ बंद करू लागले. यंदा वहिनी हळदीकुंकवाला आल्या.

तेव्हा मुलींना अशा सभांना जरूर पाठवा. घरी आल्या की त्यांचे ऐकाही.