गुडघा माझा, रजा कुणाची?

(महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज तुम्ही मला खुर्ची दिलीत. इतकी वर्षे आपल्या बैठका सतरंजीवर झाल्या आणि मीही मांडी घालून बसत आले. आता डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली आहे, म्हणून उंचावरून बोलते, समजून घ्या.

दीड वर्षापूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हा असे ऑपरेशन असते हे मला पहिल्यांदा कळले. हे पंतप्रधानांचे काम, आपले नव्हे, असे तेव्हा वाटले होते. अख्खा गुडघा काही काढत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात, मध्ये टणक प्लॅस्टिकची गादी असते. झीज वयाने होते, वजनाने होते आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेल्या भांडी-धुणे-फरशीनेही होते. गुडघे झिजलेल्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात, याचे आपल्याला नवल वाटायला नको. आपल्या शहरात जायकवाडीचे पाणी कित्येक दिवसांआड नळाला यायचे, आणि आले की रात्री उठून पिंपे भरायची. माझा निम्मा गुडघा त्यातच गेला असे मी म्हणते. डॉक्टर हसतात.

घरी आल्यावर माझी खाट पुढच्या खोलीत टाकली. आमच्याकडे दोन कुत्री. मोती घरातला, काळी गल्लीतली, पण आमच्याच फाटकाशी राहणारी. वॉकरमध्ये कुत्रे अडकले तर पडाल, आणि टाक्यांना त्यांची जीभ लागता कामा नये, असे बजावून सांगितले होते. म्हणून मोतीला अंगणात बांधला. दोन दिवस तो असा रडला की शेजारच्या काकू चौकशीला आल्या. शेवटी ठरले, मी बसलेली असताना तो आत, मी उठले की दार बंद. घरात माझ्याकडून काही न मागणारा तो एकटाच, असे मी म्हणणार होते. पण रात्री नऊ वाजले की भाकरीसाठी तोही माझ्याच तोंडाकडे बघे.

आता जे सांगायला उभी राहिले, म्हणजे बसले, ते सांगते. ऑपरेशन ठरले तेव्हा सुनेने तीन आठवड्यांची रजा घेतली. मुलगा रोज वाळूजला कामावर जात होता. घरात कुणालाच यात वावगे वाटले नाही. मलाही नाही. घरकामाच्या वाटणीवर मी औरंगपुऱ्यापासून पैठणपर्यंत भाषणे केली आहेत! दहाव्या दिवशी ती मला कमोडवर बसवत होती, तेव्हा एकदम मनात आले आणि मी विचारले, "रजा तूच का घेतलीस गं?"

ती म्हणाली, "आई, तुम्ही मलाच विचारलं होतं, रजा मिळेल का म्हणून. त्याला विचारलंच नाही."

खरे होते. मीच विचारले नव्हते.

त्या रात्री मुलाला बसवून घेतले. तो म्हणाला, "आई, तुझंच सगळं करायचं म्हणजे तुलाच संकोच वाटेल." मी म्हटले, संकोच माझा आहे, तो मी बघेन. बर्फाची पिशवी ठेवण्यात, पाय किती वाकला ते बघण्यात, कुत्र्यांना भाकरी घालण्यात कसला संकोच? दुसऱ्या दिवसापासून सकाळचा व्यायाम त्याच्याकडे आला. टाचेखाली उशी, गुडघ्याखाली कधीच नाही, हे त्याला माझ्याआधी पाठ झाले. नवरा चहा करायला शिकला. साखरेचे प्रमाण अजून जमलेले नाही.

चौथ्या आठवड्यात वॉकर सुटून काठी आली, तर नणंद म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मग स्वयंपाकघरापर्यंत चाला." पुरुषाला चालायला सांगितले तर तो बागेत जातो. मी व्यायामाच्या तिन्ही वेळा भिंतीवर पेन्सिलीने लिहिल्या आणि त्या वेळी हाक मारायची नाही, असे सांगितले. सोपे गेले नाही. कुकरची शिट्टी झाली की माझाच पाय खाली येई.

आमच्याकडे फरशी पुसणाऱ्या मावशींचे दोन्ही गुडघे गेलेले. एक दिवस पुसता पुसता त्यांनी विचारले, "बाई, किती लागले?" मी सांगितले की ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने सांध्याची किंमत बांधून दिली, जास्त वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. शिवाय ऑपरेशनचा, खोलीचा खर्च. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते सोडा. दीड-दोन महिने माझी चार घरं कोण करंल? आन् मला उठवंल कोण?" मला उत्तर देता आले नाही. लांब दांड्याचा पोछा आणला, आणि मी काठीवर नीट चालायला लागल्यावर घाटीत त्यांना दाखवून आणले. त्यांच्या चारही घरांतल्या बायकांना मी भेटले. दोघी पगारी सुट्टीला कबूल झाल्या, एकीने विचार करते म्हटले, आणि चौथे घर माझेच.

माझा डावा गुडघाही आता दाखवून झाला आहे. दिवाळीनंतरची तारीख मिळेल. रजेबद्दल या वेळी मी मुलालाच विचारले. तो म्हणाला, बघतो. अर्ज अजून दिलेला नाही.