शीआनमध्ये शेजारच्याशी बोलावे

शीआन हे चीनच्या शान्शी प्रांताच्या राजधानीचे शहर. वस्ती १ कोटी ३० लाखांच्या आसपास. जुने नाव चांगआन. हान आणि थांग राजघराण्यांची राजधानी इथे होती, रेशीम मार्ग इथून पश्चिमेला निघत असे. हा इतिहास श्रोत्यांना शाळेपासून ठाऊक आहे आणि मातीच्या सैनिकांची छायाचित्रेही सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा शीआनमध्ये काय पाहावे हे सांगण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ते कोणाबरोबर पाहावे, हा प्रश्न मोठा आहे. उत्तर असे की, जाण्याआधी ज्याच्याशी ओळख नव्हती अशा एखाद्या सहप्रवाशाबरोबर पाहावे.

मराठी प्रवासी इथेच कमी पडतात. गटाने जायचे, गटाने जेवायचे, बसमध्ये भेळ आणि चकल्यांचे डबे फिरवायचे, आणि शेजारच्या बसमधून उतरलेल्या चिनी कुटुंबाकडे बघायचेसुद्धा नाही. त्या कुटुंबातले आजोबाही आयुष्यात पहिल्यांदाच शीआनला आलेले असतात. शीआनच्या पर्यटकांत चिनीच सर्वांत जास्त. म्हणजे पाहुणे दोघेही. फरक इतकाच की एकाला पाट्या वाचता येतात.

ओळखीचे काम विरजणासारखे असते. दूध कितीही चांगले असो, त्याचे दही आपोआप होत नाही. चमचाभर विरजण लावावे लागते. शिवाय ते आदल्या रात्री लावायचे असते, माणसे पानावर बसल्यावर नव्हे. शीआनमध्ये तीन दिवस काढायचे असतील तर ओळखीची खटपट पहिल्याच संध्याकाळी करावी. निघायच्या दिवशी विमानतळावर झालेल्या ओळखीचा शहर पाहायला काही उपयोग नाही.

दूध कोमट असावे लागते, तशी जागाही योग्य असावी लागते. शीआनमध्ये अशी जागा म्हणजे हुई मुसलमानांची जुनी वस्ती. शहराच्या मध्यावर १३८४ सालचा घंटा-मनोरा आहे, त्याच्याजवळ १३८० सालचा नगारा-मनोरा. नगारा-मनोऱ्याच्या कमानीखालून गेले की खाण्याच्या गल्ल्या सुरू होतात. इथला प्रसिद्ध पदार्थ पाओमो. गिऱ्हाइकापुढे मोठा वाडगा आणि जाड, घट्ट पाव येतो. पाव ज्याचा त्यानेच हाताने कुस्करायचा, तुकडे अगदी बारीक करायचे. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. सोबत मुरवलेला लसूण. या कुस्करण्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात, हात गुंतलेले राहतात आणि मोबाइल बाजूला पडतो. गर्दीच्या दुकानात एका टेबलावर दोन अनोळखी कुटुंबे बसलेली असतात. परदेशी माणसाचे तुकडे मोठे पडले की शेजारचा हसतो आणि करून दाखवतो. विरजण लागले ते इथे. शाकाहारी माणसाने लिआंगपी घ्यावी: व्हिनेगर आणि मिरचीच्या तेलातल्या थंड, रुंद पट्ट्या. तिला वेळ कमी लागतो, म्हणून तिथे बोलणे स्वतःहून सुरू करावे लागते.

दुसऱ्या दिवशी तटबंदी. मिंग राजवटीत, १३७० नंतरच्या दशकात उभी राहिलेली ही भिंत १२ मीटर उंच आहे आणि तिचा घेर १३.७ किलोमीटर. माथा इतका रुंद की वर सायकली भाड्याने मिळतात, दोघांनी चालवायच्या जोडसायकलीसुद्धा. एकट्या प्रवाशाने ही सायकल घ्यावी आणि आदल्या संध्याकाळच्या सोबत्याला मागे बसवावे. विटांवरून गचके बसतात आणि दोघांचे पायडल जुळायला थोडा वेळ लागतो. पण पूर्ण फेरी झाल्यावर एकमेकांची नावे विचारायची वेळ येत नाही. भिंतीखाली खंदकाच्या कडेने बाग आहे. तिथे शीआनची वयस्क मंडळी व्यायाम करतात, काही जण या प्रांताचे छिनछियांग हे नाट्यसंगीत गातात. ते वरच्या पट्टीचे, खणखणीत गाणे असते. सोबतच्या चिनी प्रवाशालाही त्यातले सगळे शब्द कळतीलच असे नाही, कारण तो दुसऱ्या प्रांतातला असू शकतो. मग दोघेही तिसऱ्याला विचारतात. सांगायचे आहे ते हेच: विचारणारे दोघे असले की शहर जास्त बोलते.

मातीचे सैनिक शहरापासून पूर्वेला, लिनथोंग भागात आहेत. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले. पहिला खंदक २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. तिकीट पासपोर्टवर, आधी नोंदवून घ्यावे. आत शिरताच समोरच्या कठड्याशी प्रचंड रेटारेटी असते. बहुतेक लोक तिथे छायाचित्र काढतात आणि पाहून झाले असे समजतात. तसे करू नये. कडेने शेवटपर्यंत चालत जावे. मागच्या बाजूला तुकडे जोडून उभे करण्याचे काम चालते. डोक्याकडे नीट पाहावे, कारण साध्या सैनिकाचा अंबाडा आणि सेनापतीची टोपी यांवरून हुद्दा कळतो. हे सैनिक मुळात रंगवलेले होते; मातीतून बाहेर काढल्यावर बऱ्याच जणांचा रंग सुकून गळाला. सोबतीला चिनी पाट्या वाचणारा माणूस असला की अशा गोष्टी सुटत नाहीत. गर्दीत जागा धरण्याचा उपयोग वेगळाच.

शिलालेखांचे संग्रहालय, म्हणजे बेलिन, १०८७ पासूनचे. ८३७ साली पूर्ण झालेले धर्मग्रंथ ११४ शिळांवर कोरलेले इथे उभे आहेत. ७८१ सालची ख्रिस्ती पंथाची एक शिळाही आहे, तिच्यावर चिनीबरोबर सीरियाक लिपी. त्या शिळेची कथा लांब आहे, ती आजच्या वेळात बसणार नाही. इतके मात्र सांगायला हवे की, शाळकरी चिनी मूल इथली काही अक्षरे बोट ठेवून वाचते, आणि परदेशी पाहुण्याला वाचून दाखवायला मिळाले की त्याच्या आईवडिलांना आनंद होतो.

शेवटी मोठा हंस-मनोरा. ६५२ साली बांधलेला, आज सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच. भारतातून ६४५ साली परतलेल्या ह्युएन त्संगने आणलेले ग्रंथ जपण्यासाठी तो उभारला. हाच यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवले. तो एकटा फिरला अशी समजूत आहे. प्रत्यक्षात गाओचांगच्या राजाने त्याला माणसे आणि पुढच्या राजांना पत्रे दिली, आणि वाटेत तो व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर चालला. ओळखीवाचून हा प्रवास झाला नसता.

आता काही पथ्ये. विरजण जास्त झाले की दही आंबट होते. पहिल्याच भेटीत राजकारण काढू नये, पगार विचारू नये. लावल्यावर भांडे सारखे हलवू नये. दर तासाला निरोप पाठवू नये. भाषा येत नसेल तर मोबाइलवरचे भाषांतर पुरते, पण ते भारतातूनच घालून न्यावे. चिनी सोबती जेवणाचे पैसे झटकन देऊन टाकतो. पुढच्या वेळी आपण द्यावेत, आणि त्यासाठी पुढची वेळ ठरवूनच उठावे. मोठ्या मशिदीत प्रार्थनागृहात जाता येत नाही, अंगण पाहता येते. छोटा हंस-मनोरा आणि प्रांताचे इतिहास-संग्रहालय वेळेअभावी राहिले; तीही पाहावीत, पण सोबतीने.