करुणेचा रोजचा हिशेब
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही राजकारणी पुरुष नव्हे. मत द्यावे, सकाळी वर्तमानपत्र वाचावे आणि सायंकाळी कट्ट्यावर चार गोष्टी बोलाव्या, एवढाच आमचा राजकारणाशी संबंध. तथापि विद्यार्थी-साहाय्य निधीचा ठराव आज आपणांपुढे यावयाचा आहे. म्हणून थोडे बोलण्याची अनुज्ञा असावी.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णामाई सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. ज्यांची घरे कोरडी होती त्यांनी भाकऱ्या थापून पाठविल्या आणि त्या कोणाच्या हातच्या, हे कोणी विचारले नाही. ब्रह्मनाळची नाव उलटली तेव्हा सारा जिल्हा हळहळला. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक आली आणि ज्या कट्ट्यांवर पुराच्या गोष्टी चालत, तेथेच कोणत्या गल्लीत कोणत्या जातीची किती मते, याची बेरीज सुरू झाली. बेरीज करणारे कोणी दुष्ट नव्हते. भाकऱ्या पाठविणारेच ते, म्हणजे आपणच. पाणी ओसरले तशी करुणाही का ओसरावी?

कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र या बाबतीत आम्हांस फार उपयोगी वाटते. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. ते आज सांगली जिल्ह्यात आहे. कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहून शिकत असता ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले, परतल्यावर स्नान करावयास नकार दिला आणि त्यापायी त्यांना बाहेर पडावे लागले. स्वजातीच्या संस्थेचा आधार केवढा आणि तिची भिंत केवढी, हे त्यांस कोवळ्या वयातच कळले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. १९२७ साली महात्माजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. पण समारंभ एका दिवसाचा, चूल रोजची. धान्य संपले की लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले जात. अखेर मंगळसूत्रही गेले. हा प्रसंग सांगताना आपण लक्ष्मीबाईंचे नाव बहुधा ओझरते घेतो, हे बरे नव्हे.

भाऊरावांना राजकारण वर्ज्य नव्हते. सत्यशोधक चळवळीत वावरलेला तो माणूस. स्वातंत्र्यानंतर सरकारची नाराजी पत्करून संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेही त्यांनी सोसले. मात्र त्यांच्या राजकारणात मुले किती आणि ज्वारी किती, हा हिशेब मतांच्या हिशेबाआधी येई.

आता आपला निधी. त्याच्या नियमाप्रमाणे साहाय्य फक्त ज्ञातीतील विद्यार्थ्यांस मिळते. ठराव एवढाच आहे, की चारांतील एक जागा कोणत्याही जातीच्या गरजू विद्यार्थ्यास खुली असावी. आपल्याच मुलांना पुरत नाही, हा आक्षेप खोटा नाही. ज्या घरातील मुलगा यंदा त्यामुळे मागे राहील, त्या घराला आम्ही काय सांगावे? वर्गणी वाढवावी लागेल, आणि ती ऐपतदारांनीच वाढवावी. आम्ही आमची दुप्पट लिहून दिली आहे.

माण आणि जत या दुष्काळी तालुक्यांतून ज्ञातीबाहेरच्या मुलांचे काही अर्ज आले आहेत. नियमास धरून चिटणीसांनी ते बाजूस ठेवले. ते येथे टेबलावर आहेत. मतदानापूर्वी सभासदांनी ते एकवार वाचावेत, इतकीच विनंती.